मालाडच्या खुणा जपणारा जर्मन छायालेखक

विशेष प्रतिनिधी

मालाड पश्चिमेला स्वामी विवेकानंद मार्गालगत ‘बॉम्बे टॉकीज कंपाऊंड’ नावाचा एक भाग आहे. पत्र्याची छपरे, लहान कारखाने, गोदामे आणि त्यांच्यामधून वाट काढणारे टेम्पो असे त्याचे स्वरूप. पत्त्यात हे नाव लिहिणाऱ्या अनेकांना ते कशावरून पडले याची कल्पना नसते. एकेकाळी देशातील सर्वांत आधुनिक मानला गेलेला चित्रपट स्टुडिओ येथे होता. देविका राणी आणि अशोक कुमार येथेच घडले, मधुबालाने बालकलाकार म्हणून येथेच काम केले आणि दिलीप कुमार यांनी कॅमेऱ्यासमोर पहिले पाऊल टाकले तेही येथेच. हा स्टुडिओ आतून कसा दिसत असे, तिथे माणसे कशी वावरत असत, हे आज पाहायचे असेल तर त्यासाठी एका जर्मन कुटुंबाने जपलेल्या छायाचित्रांकडे वळावे लागते. ती टिपणारे गृहस्थ म्हणजे जोसेफ विर्शिंग. ‘अछूत कन्या’, ‘महल’ आणि ‘पाकीजा’ या तीन वेगवेगळ्या काळांतील चित्रपटांचे ते छायालेखक.

विर्शिंग यांचा जन्म १९०३ मधला, म्युनिक शहरातला. घरात वेशभूषा व नेपथ्याचा व्यवसाय होता आणि मुलाने तोच पुढे चालवावा अशी वडिलांची अपेक्षा होती. सोळाव्या वाढदिवसाला हाती कॅमेरा आला आणि ती अपेक्षा तिथेच राहिली. म्युनिकमध्येच कलाशिक्षण, मग छायाचित्र स्टुडिओत काही काळ उमेदवारी आणि त्यानंतर ‘एमेल्का’ या चित्रपट कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी, असा त्यांचा मार्ग. प्रयोगशाळेत सुरुवात झालेल्या छायालेखकाला फिल्म धुतल्यावर तिचे काय होते, सावली कुठे गडद होते आणि चेहरा कुठे फिका पडतो हे आधीच ठाऊक असते. पुढे ‘महल’मधील अंधार त्यांनी ज्या खात्रीने हाताळला, त्याचे मूळ कदाचित या उमेदवारीत असावे.

भारताशी त्यांचा संबंध आला तो हिमांशु राय यांच्यामुळे. कायद्याच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेले राय तिथे नाटकात रमले आणि बुद्धाच्या जीवनावर चित्रपट काढण्याच्या कल्पनेने त्यांनी म्युनिक गाठले. एमेल्का कंपनी तयार झाली. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्याबरोबर १९२५ साली एक लहानसे जर्मन पथक भारतात आले. त्या पथकात विर्शिंग होते. वय अवघे बावीस. ‘प्रेम संन्यास’, म्हणजेच ‘लाइट ऑफ एशिया’, हा मूकपट जयपूर संस्थानाच्या मदतीने चित्रित झाला. हत्ती, घोडे आणि दरबारी लवाजमा, सारे खरे होते. युरोपातील प्रेक्षकांना त्याचे अप्रूप वाटले, भारतात मात्र त्याला तेवढे यश लाभले नाही. काम संपताच विर्शिंग मायदेशी परतले.

नऊ वर्षांनी ते पुन्हा आले. दरम्यान चित्रपट बोलू लागला होता. १९३१ साली ‘आलम आरा’ तयार होत असताना जवळून जाणाऱ्या आगगाड्यांच्या आवाजामुळे बरेचसे चित्रीकरण रात्री करावे लागल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. बोलपटाला शांतता हवी आणि शांततेसाठी मोकळी जागा हवी. हिमांशु राय यांना ती मालाडमध्ये मिळाली. मुंबईतील धनाढ्य पारशी गृहस्थ एफ. ई. दिनशॉ यांची तेथे विस्तीर्ण मालमत्ता होती, हवापालटाचा बंगला होता. १९३४ साली बॉम्बे टॉकीज ही सार्वजनिक भागभांडवलाची कंपनी स्थापन झाली. सर चिमणलाल सेटलवाड, सर फिरोज सेठना यांच्यासारखी वजनदार नावे संचालक मंडळावर आली. सिनेमा म्हणजे सभ्य माणसाने दूर राहावे असा धंदा, ही समजूत प्रबळ असण्याच्या काळातली ही गोष्ट आहे.

त्या वेळचे मालाड आज डोळ्यांसमोर आणणे अवघड आहे. ते मुंबई शहरात नव्हते. उपनगर जिल्हा १९२० मध्ये निर्माण झाला होता आणि मुंबई महापालिकेची हद्द दहिसरपर्यंत पोहोचायला १९५७ साल उजाडावे लागले. मालाडच्या खाणींतील पिवळसर दगड मुंबईतील डेव्हिड ससून वाचनालयासारख्या इमारतींसाठी वापरला गेला होता, एवढीच त्या गावाची शहराला ओळख. आजचा स्वामी विवेकानंद मार्ग म्हणजे तेव्हाचा घोडबंदर रस्ता. कुलाबा ते बोरिवली विजेवरची गाडी जानेवारी १९२८ मध्ये सुरू झाली आणि शहरातून मालाडला रोज ये-जा करणे शक्य झाले. स्टुडिओ उभा राहिला त्यामागे या गाडीचाही हातभार होता, असे म्हणायला हरकत नाही. तंत्रज्ञ, कारकून, वादक, सुतार, शिंपी अशी शेकडो माणसे तिथे कामाला येऊ लागली.

राय यांनी आपले जुने जर्मन सहकारी बोलावून घेतले. दिग्दर्शनाला ऑस्टेन, कॅमेऱ्याला विर्शिंग, प्रयोगशाळेला विल्हेल्म झोले आणि नेपथ्याला कार्ल फॉन स्प्रेटी. (हे स्प्रेटी पुढे पश्चिम जर्मनीचे राजदूत झाले आणि १९७० साली ग्वाटेमालात बंडखोरांनी अपहरण करून त्यांची हत्या केली. मालाडमध्ये महालांचे देखावे रचणाऱ्या माणसाचा शेवट असा झाला.) या परदेशी तज्ज्ञांनी काम करता करता येथील तरुणांना तयार करायचे, अशी योजना होती आणि ती पार पडली. प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून दाखल झालेला एक तरुण अचानक नायक होऊन कॅमेऱ्यापुढे उभा राहिला. तो अशोक कुमार. ‘जीवन नैया’चा नायक नजमुल हसन आणि खुद्द कंपनीची नायिका व मालकाची पत्नी देविका राणी हे दोघे कलकत्त्याला निघून गेले. नायिका परतली, नायकाला मात्र पुन्हा दार उघडले नाही आणि त्याची जागा प्रयोगशाळेतल्या या साहाय्यकाने घेतली.

१९३५ ते १९३९ या पाच वर्षांत ऑस्टेन यांनी बॉम्बे टॉकीजसाठी पंधराहून अधिक चित्रपट दिग्दर्शित केले आणि कॅमेऱ्यामागे प्रामुख्याने विर्शिंग होते. ‘जवानी की हवा’, ‘अछूत कन्या’, ‘जन्मभूमी’, मराठे आणि भिल्ल यांच्यातील वैराची कथा सांगणारा ‘इज्जत’, ‘सावित्री’, ‘निर्मला’, ‘भाभी’, ‘कंगन’. यांतला सर्वांत गाजलेला ‘अछूत कन्या’ (१९३६). रेल्वे फाटकावरील चौकीदाराची अस्पृश्य मुलगी आणि ब्राह्मण मुलगा यांच्या या कथेत देविका राणींच्या चेहऱ्यावर विर्शिंग यांनी जो प्रकाश टाकला, त्याची सावली पुढची अनेक वर्षे हिंदी नायिकांच्या चेहऱ्यांवर दिसत राहिली. ही खेडवळ मुलगी इतकी नितळ, इतकी रेखीव कशी, असा प्रश्न आजच्या प्रेक्षकाला पडतो आणि तो रास्तच आहे. पण त्या काळच्या स्टुडिओ पद्धतीत नायिकेचा चेहरा हीच कंपनीची खरी मालमत्ता होती आणि ती उजळ ठेवणे हे छायालेखकाचे काम होते.

इथवरचा इतिहास सिनेमाच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल. विर्शिंग यांची दुसरी बाजू मात्र फार उशिरा उजेडात आली. चित्रीकरण चालू असताना आणि नसतानाही ते स्थिरचित्रे काढत असत. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी शॉट संपल्यावर कलाकारांना पुन्हा उभे करून छायाचित्र घेण्याची पद्धत तेव्हा सर्वच कंपन्यांत होती. विर्शिंग तेवढ्यावर थांबले नाहीत. ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारे, खिशात मावणारे लहान कॅमेरे १९२५ पासून जर्मनीत मिळू लागले होते आणि तिपाईशिवाय, कुणाला थांबवून न ठेवता छायाचित्र काढणे शक्य झाले होते. विर्शिंग यांनी कॅमेरा नायिकेवरून वळवून तिच्या भोवतीच्या माणसांवर धरला. देखावा उभारला जात असतानाचा सांगाडा, उन्हात परावर्तक धरून उभे असलेले कामगार, दोन शॉट्सच्या मधल्या वेळात विसावलेले कलाकार, सूचना देणारे ऑस्टेन, बाह्यचित्रीकरणाच्या जागी जमलेली बघ्यांची गर्दी हे सारे त्यांनी टिपले.

या छायाचित्रांचे महत्त्व समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. चित्रपटाच्या फ्रेममध्ये स्टुडिओ कधीच दिसत नाही. तो दिसू नये यासाठीच तर सारी खटपट असते. पडद्यावर गाव दिसते, महाल दिसतो, रेल्वेचे फाटक दिसते, पण ते गाव लाकूड आणि कापडाचे आहे, त्याच्या मागे टेकू लावले आहेत आणि टेकूंच्या बाजूला एक सुतार विडी ओढत बसला आहे, हे दिसत नाही. बॉम्बे टॉकीजच्या उपाहारगृहात लहानमोठे सारे एकत्र जेवत आणि जातपात पाळली जात नसे, असे सांगतात. असा दावा पडताळून पाहण्याचे साधन म्हणजे त्या वेळी, त्या जागी कुणी तरी सहज काढलेले छायाचित्र. उपनगरातील त्या काळच्या कामगारवर्गाची, त्याच्या पेहरावाची, अवजारांची आणि सवयींची अशी नोंद अन्यत्र मिळणे कठीण. हौशी छायाचित्रकारांनी कान्हेरीची लेणी टिपली, सरकारने रस्ते आणि पूल टिपले. कामावर असलेला साधा माणूस कॅमेऱ्यासमोर क्वचितच आला.

सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटले आणि हा सारा डाव मोडला. भारतातील जर्मन नागरिक एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. ‘कंगन’चे काम चालू असतानाच मालाडच्या जर्मन तंत्रज्ञांना ताब्यात घेण्यात आले. पश्चिम भारतातील अशा अनेकांप्रमाणे त्यांची रवानगी नजरकैदेच्या छावण्यांत झाली, त्यांतली एक आपल्या नगरला होती. ऑस्टेन नाझी पक्षाचे सदस्य होते, ही गोष्ट लपलेली नाही. मात्र सरकारने कुणाचे मत काय, याची फारशी चौकशी करत न बसता पारपत्र पाहून निर्णय घेतला. ऑस्टेन युद्धकाळातच जर्मनीला परतले आणि पुन्हा कधी भारतात आले नाहीत. विर्शिंग यांची मात्र युद्ध संपेपर्यंतची वर्षे छावणीतच गेली. वयाच्या छत्तीस ते बेचाळीस या काळात, जेव्हा छायालेखकाचा हात खरा स्थिरावतो, तेव्हा त्यांच्या हाती कॅमेरा नव्हता.

इकडे मालाडमध्येही उलथापालथ झाली. मे १९४० मध्ये हिमांशु राय यांचे निधन झाले. देविका राणींनी सूत्रे हाती घेतली. ‘कंगन’मधून पुढे आलेल्या लीला चिटणीस यांच्या रूपाने एक सुशिक्षित मराठी नायिका देशभर लोकप्रिय झाली, ‘किस्मत’ने (१९४३) उत्पन्नाचे सारे विक्रम मोडले. पण कंपनीत दोन गट पडले. शशधर मुखर्जी, अशोक कुमार आणि मंडळींनी शेजारच्या गोरेगावात ‘फिल्मिस्तान’ काढले. १९४५ मध्ये देविका राणी चित्रकार स्वेतोस्लाव्ह रोरिक यांच्याशी विवाह करून चित्रसृष्टीतून निवृत्त झाल्या. लीलाबाईंनी पुढे ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र लिहिले. मराठी वाचकाला या जगाची आतली बाजू कळली ती प्रामुख्याने त्यातून.

सुटकेनंतर विर्शिंग यांच्यापुढे जर्मनीला परतण्याचा मार्ग होता. म्युनिक बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाले होते. त्यांनी भारत निवडला. ज्या देशातील सरकारने सहा वर्षे कोंडून ठेवले तिथेच उरलेले आयुष्य काढण्याचा हा निर्णय साधा नव्हता. ते मालाडला परतले आणि १९४९ साली कमाल अमरोही या नवोदित दिग्दर्शकाबरोबर त्यांनी ‘महल’ चित्रित केला. लता मंगेशकर यांना घराघरांत पोहोचवणारे गाणे या चित्रपटातले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते गाणे कानांवर पडते तेव्हा डोळ्यांसमोर जो झोपाळा, झुंबरे आणि रिकामे दालन उभे राहते, ते विर्शिंग यांचे. जर्मन मूकपटांनी अंधाराची जी भाषा घडवली होती ती मालाडमार्गे हिंदी सिनेमात मुरली आणि भुताटकीच्या पुढील चित्रपटांनी तिचे अनुकरण केले.

‘महल’चे यशही बॉम्बे टॉकीजला वाचवू शकले नाही. कर्ज वाढले, पगार थकले. अखेरीस कामगारांनीच सहकारी संस्था स्थापन करून ‘बादबान’ (१९५४) हा चित्रपट काढला. त्यांना हातभार लावण्यासाठी अशोक कुमार, देव आनंद, मीना कुमारी अशी मातब्बर मंडळी पुढे आली. तरीही गाडे सावरले नाही आणि स्टुडिओ बंद पडला. जागेचे तुकडे झाले, शेड उठल्या. कंपनीची दप्तरे, देखाव्यांचे आराखडे, पगारपत्रके यांचे एकत्रित जतन करण्याचा विचार त्या धामधुमीत कोण करणार? नायट्रेटवरची फिल्म तर मुळातच ज्वालाग्राही. जुन्या चित्रपटांच्या प्रती मिळवून जपणारे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली स्थापन झाले, तोवर बराच ठेवा नष्ट झाला होता आणि जे हाती लागले त्यातील नायट्रेट प्रतींचा मोठा साठा जानेवारी २००३ मधील पुण्याच्या आगीत भस्मसात झाला.

विर्शिंग यांची उरलेली कारकीर्द अमरोहींच्या सहवासात गेली. अमरोहींनी अंधेरीजवळ ‘कमालिस्तान’ हा स्वतःचा स्टुडिओ उभारला. ‘दिल अपना और प्रीत पराई’ (१९६०) विर्शिंग यांनी चित्रित केला. ‘पाकीजा’चे काम १९५० च्या दशकातच सुरू झाले होते. आधी कृष्णधवल, मग रंगीत, मग सिनेमास्कोप असे तंत्र बदलत गेले आणि दरम्यान अमरोही व मीना कुमारी विभक्त झाल्याने काम वर्षानुवर्षे रखडले. मूकपटापासून सुरुवात केलेल्या माणसाने रुंद पडद्यावरचे रंगही आत्मसात केले, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. १९६७ मध्ये मुंबईत विर्शिंग यांचे निधन झाले. ‘पाकीजा’ तेव्हा अपुरा होता. उरलेले काम इतर छायालेखकांनी पूर्ण केले आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा श्रेयनामावलीत नाव झळकले ते विर्शिंग यांचे.

त्यांच्या मागे राहिल्या त्या निगेटिव्ह. हजारोंच्या संख्येने. मुंबईच्या दमट हवेत निगेटिव्हला बुरशी येते, त्या एकमेकींना चिकटतात, कडेने पिवळ्या पडतात. घर बदलताना अशा पेट्यांचे काय होते हे उपनगरातील कोणत्याही कुटुंबाला ठाऊक आहे. चाळ पाडून इमारत उभी राहते, नव्या घरात माळा नसतो आणि जुने अल्बम रद्दीच्या ढिगात जातात. विर्शिंग कुटुंबाने मात्र हा ठेवा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. पुढे नातवाने तो गोव्यात नीट लावण्याचे काम हाती घेतले आणि अल्काझी प्रतिष्ठानाच्या साहाय्याने डिसेंबर २०१७ मध्ये पणजीच्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात त्यातील निवडक छायाचित्रांचे प्रदर्शन भरले. पडद्यावरच्या देविका राणींना ओळखणाऱ्यांना पडद्यामागचे मालाड प्रथमच दिसले. चित्रपट-अभ्यासक देबश्री मुखर्जी यांनी संपादित केलेला, या छायाचित्रांवर आधारलेला इंग्रजी ग्रंथ २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

योगायोग असा की, त्याच २०१७ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथेही बॉम्बे टॉकीजवर एक प्रदर्शन भरले होते. ते हिमांशु राय यांच्या नातवाच्या संग्रहातून साकारले होते. राय यांना जर्मन पत्नीपासून एक मुलगी होती आणि तिच्या मुलाकडे आजोबांची कागदपत्रे व छायाचित्रे आली. म्हणजे मालाडच्या एका स्टुडिओची स्मृती दोन नातवांनी, एकाने मेलबर्नला आणि दुसऱ्याने गोव्यात, आपापल्या परीने राखली. दोन्ही ठिकाणी ती कुटुंबाच्या जिव्हाळ्यामुळे राहिली. कंपनी, सरकार किंवा महापालिका यांपैकी कुणाचाही त्यात वाटा नव्हता.

हे श्रेय कुटुंबांना देताना एक उणीवही नोंदवणे भाग आहे. नातवाला आजोबांचे सहकारी ठाऊक असतात, दिग्दर्शक आणि तारका ठाऊक असतात. परावर्तक धरलेला तरुण कोण, शिवणयंत्रावर बसलेले शिंपी कुठले, हे त्याला माहीत असण्याचे कारण नाही. ते सांगू शकतील अशी माणसे मालाड, गोरेगाव, कांदिवलीच्या जुन्या वस्त्यांत होती. बॉम्बे टॉकीजमध्ये १९३६ साली वीस वर्षांचा असलेला कामगार आज हयात असणे शक्य नाही. त्याचा मुलगा किंवा मुलगी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात असेल. वडिलांचा तरुणपणीचा चेहरा ओळखू शकेल अशी ही शेवटची पिढी. छायाचित्रे पणजीत लागली, मेलबर्नला लागली, ग्रंथाच्या गुळगुळीत पानांवर छापली गेली. ज्या रस्त्यालगत ती काढली गेली तिथल्या वाचनालयात किंवा शाळेच्या सभागृहात, जिथे एखादी आजी चष्मा सावरून पुढे येईल आणि बोट ठेवून नाव सांगेल, तिथे त्यांनी यायला हवे. विर्शिंग यांच्या छायाचित्रांतील साऱ्याच चेहऱ्यांना अजून नावे मिळालेली नाहीत.